कुल, गण, जाती

बाहेरून आलेला एखादा शब्द मराठीत प्रथम कोणत्या वस्तूसाठी वापरला गेला आणि पुढे तो कोणाकोणाला लागू झाला, याचा शोध घेतला तर समाजाच्या मनाचा बराच भाग हाती लागतो. 'हायब्रीड' हा असा एक शब्द आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही भारतातील पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली. त्यानंतरच्या वर्षांत बियाण्याच्या पिशवीवरचा हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळला. प्रारंभी त्याचा अर्थ 'भरघोस' एवढाच होता. मग हायब्रीडच्या भाकरीला मालदांडीची चव नाही हे ध्यानात आले आणि शब्दाला दुसरा अर्थ चिकटला : दिसायला मोठे, पण कस नसलेले. ज्वारीनंतर तो टोमॅटोला, कोंबडीला, अंड्याला लागला. शेवटी माणसांना लागला. 'हल्लीची पोरं हायब्रीड' हे वाक्य आमच्या भागात कोणत्याही पारावर ऐकायला मिळते आणि ते ऐकून कोणी दचकत नाही.

आम्ही दोघे एकाच मराठी विभागात गेली अनेक वर्षे शिकवतो. आमच्या वर्गात अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा आणि त्याच्या आसपासच्या गावांतून मुले येतात. नगर-पुणे महामार्गावरचे हे गाव. एका अंगाला पावसाची वाट पाहणारे माळ, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीचे पत्र्याचे कारखाने. मुलांच्या घरी वडील पाळीवर कारखान्यात जातात, आई गोठा पाहते, आजोबा जिरायत सोडायला तयार नसतात. मुले घरी एक मराठी बोलतात, कारखान्यात सुट्टीतील काम करताना दुसरी, आणि उत्तरपत्रिकेत तिसरी लिहितात. 'हायब्रीड' हा शब्द त्यांनी स्वतःविषयी इतक्या वेळा ऐकलेला असतो की शास्त्रीय गद्य शिकवताना संकरापासून आरंभ करावा, असे आम्हाला वाटले.

अभ्यास साधा ठेवला होता. प्रत्येकाने एक संकरित प्राणी कल्पावा, त्याला मराठी नाव आणि शास्त्रीय पद्धतीचे द्विनाम द्यावे, त्याचे वर्गीकरण करावे आणि शरीररचना, अधिवास, आहार व उपयोग या शीर्षकांखाली विश्वकोशातील नोंदीच्या भाषेत एक पान लिहावे. 'मी' नको, उद्गारचिन्ह नको, विशेषण लागेल तेवढेच. कल्पना मोकाट आणि भाषा बांधलेली, असा हा व्यवहार. साहित्याच्या विद्यार्थ्याला परिभाषेची ताकद अशा वेळीच कळते. कारण जे अस्तित्वात नाही तेही या भाषेत मांडले की खरे वाटू लागते.

या खेळाला मोठी परंपरा आहे. सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल' या १९२३ च्या संग्रहात हंस आणि साळिंदर यांना व्याकरणाची पर्वा न करता जोडून केलेला 'हांसजारू' आहे. हत्ती आणि देवमासा यांचा 'हातिमि' आहे. त्यांच्याच 'हेशोराम हुशियारची डायरी' या गद्यकथेत एक संशोधक दिसेल त्या विचित्र प्राण्याला 'थेरियम' हे शेपूट लावून नावे देत सुटतो. फुगून बसलेला प्राणी त्यामुळे 'गोमराथेरियम' ठरतो. स्वभावाच्या चेष्टेला लॅटिनचा कोट चढवला की ती विद्वत्ता होते, हा रायांचा विनोद आमच्या विद्यार्थ्यांना लगेच समजला.

उलट बाजूची गोष्टही आम्ही सांगितली. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीयसने १७३५ च्या 'सिस्टिमा नॅचुरी'मध्ये 'विरोधाभासी प्राणी' असा एक वेगळा रकाना ठेवला होता आणि एकशिंगी घोडा, फिनिक्स, सात डोक्यांचा हायड्रा अशा मंडळींची तेथे झाडाझडती घेतली होती. हॅम्बुर्ग येथे जपून ठेवलेला हायड्रा त्याने स्वतः पाहिला आणि ती लहान मांसभक्षक प्राण्यांच्या कवट्यांवर सापाची कातडी चढवून केलेली बनावट आहे, हे ओळखले. १७४८ च्या आवृत्तीपासून तो रकाना नाहीसा झाला. याच्या नेमके विरुद्ध १७९९ मध्ये घडले. ऑस्ट्रेलियाहून आलेले प्लॅटिपसचे कातडे जॉर्ज शॉ याच्यासमोर आले, तेव्हा बदकाची चोच कोणीतरी चतुष्पादाच्या तोंडाला शिवली असावी, अशी शंका त्याला आली. शॉने दिलेले 'प्लॅटिपस' हे नाव आधीच एका भुंग्याला दिलेले निघाले, म्हणून १८०० मध्ये ब्लूमेनबाखने दिलेले 'ऑर्निथोऱ्हिंकस' पुढे चालू राहिले. खोटा प्राणी यादीतून गेला आणि खोटा वाटलेला प्राणी यादीत आला. यादी करणाऱ्याला प्रामाणिक राहायचे असेल तर दोन्ही गोष्टींची तयारी ठेवावी लागते.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आम्ही फळ्यावर वर्गीकरणाच्या पायऱ्या लिहिल्या : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. शाळेच्या विज्ञानात त्या सर्वांनी पाठ केलेल्या होत्या. तरी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, हा तर बायोडाटा झाला. लग्नाचा."

वर्ग हसला, आणि मग हसणे थोडे लवकर थांबले. कारण तो बरोबर बोलला होता. कुल विचारतात, गण जुळतो का पाहतात, वर्ग म्हणजे ऐपतही पाहतात, आणि शेवटच्या रकान्यापाशी सारे येऊन थांबते. इंग्रजीतील 'स्पीशीज' हा शब्द वाचणाऱ्या मुलाच्या मनात जे येणार नाही, ते 'जाती' हा शब्द वाचणाऱ्या मराठी मुलाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. परिभाषा करणाऱ्यांनी संस्कृतातून शब्द घेतले, त्यात वावगे काही नव्हते. पण शब्द येताना आपले नातेवाईक बरोबर घेऊन येतात. 'संकर' हा शब्दही बियाण्याआधी आपल्याकडे माणसांसाठीच होता. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला ज्या अनर्थांचे भय वाटते त्यांत वर्णसंकर आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर कोणत्या वर्णाचा पिता आणि कोणत्या वर्णाची माता असता संततीचे नाव काय, तिने करायचे काम कोणते आणि तिने राहायचे कोठे, याची सविस्तर मांडणी आहे. प्रत्यक्ष समाजात असलेले नाना समूह चार वर्णांच्या चौकटीत बसवता यावेत म्हणून रचलेली ही उपपत्ती आहे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे संकर कल्पून त्याचे वर्गीकरण करण्याचा जो उद्योग आम्ही मुलांना एका तासासाठी दिला होता, तो या भूमीवर माणसांच्या बाबतीत फार गंभीरपणे आणि फार काळ झालेला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच्या अनेक कारणांत अशा याद्यांनी माणसांच्या आयुष्याचे जे केले, तेही एक होते.

आमच्याच परंपरेत या याद्यांना मिळालेले दुसरे उत्तरही आहे. हिरण्यकशिपूने मागितलेला वर नीट पाहिला तर ते एक वर्गीकरणच आहे : माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. सर्व रकाने भरले म्हणून तो निर्धास्त झाला, आणि जो आला तो दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवरून आला. नरसिंह संकर आहे म्हणूनच ते कार्य करू शकतो. त्याच नरसिंहाला आवरण्यासाठी पुराणांनी शरभ कल्पिला आणि महाराष्ट्रातील कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शिल्पकारांनी तो हत्तींना पंजांत धरलेला असा कोरून ठेवला. एक पोट आणि दोन मुखे असलेल्या भारुंड पक्ष्याशी 'भारूड' या शब्दाचा संबंध जोडणारी एक व्युत्पत्ती आहे. ती ग्राह्य मानली नाही तरी एकाच वेळी दोन अर्थ बोलणाऱ्या रचनेला दोन तोंडांचा पक्षी आठवावा, यातच मराठी रसिकतेची खूण आहे. आणि विसोबा खेचर. गाढव आणि घोडी यांच्या संकराचे नाव ज्ञानदेवांनी रागाने उच्चारले आणि विसोबांनी ते आपले म्हणून धारण केले, अशी आख्यायिका सांगतात. नामदेवांचा गुरू त्या नावाने ओळखला जातो. शिवी म्हणून आलेला शब्द अंगावर वागवून त्याची शिवी काढून टाकण्याचे याहून जुने उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

मुलांनी लिहून आणलेल्या नोंदी वाचताना हे सारे आमच्या मनात होते. नोंदी रंजक होत्या. एकाने शेळी आणि उंट यांचा संकर केला होता. बाभळीच्या शेंगा खाऊन टँकर येईपर्यंत तग धरणाऱ्या या प्राण्याचे नाव त्याने 'काप्रोकॅमेलस पारनेरेन्सिस' ठेवले होते. एकीने उसात जन्मलेल्या आणि डोंगर न पाहिलेल्या बिबट्याला मांजराशी जोडले होते. एकाने लांडगा आणि कुत्रा यांचा संकर लिहिला, तेव्हा त्याला सांगावे लागले की हा प्राणी कल्पित नाही : पुणे जिल्ह्याच्या माळावर दिसलेला एक वेगळ्या रंगाचा प्राणी लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचे जनुकीय तपासणीने ठरले आणि तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना करायला बसावे आणि माळाने ती आधीच केलेली असावी, हा अनुभव त्या मुलाला फार आवडला.

एक नोंद मात्र आम्ही दोघांनी दोनदा वाचली. ती एका मुलीची होती. तिच्या घरी सहा गायी आहेत आणि सकाळचे दूध संकलन केंद्रावर घालून ती महाविद्यालयात येते. नोंद अशी होती : सृष्टी प्राणी, वर्ग सस्तन, गण समखुरी, कुल बोव्हिडी, आणि कंसात तिचा स्वतःचा अनुवाद, 'गोकुल'. प्रजाती बॉस. (हा शब्द वाचून दाखवताना कारखान्यात काम केलेली मुले पुन्हा हसली.) जाती : रिकामी. शरीररचनेत लिहिले होते की रंग काळा-पांढरा, कान किंचित लांब, वशिंड जवळजवळ नाही, ऊन सोसत नाही. अधिवास : गोठ्याची कडेची बाजू. आहार : उरलेले दूध, तेही काही दिवस. उपयोग : आढळला नाही.

"हा तर संकरित गायीचा गोऱ्हा आहे. कल्पित प्राणी कुठे आहे?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मॅडम, कल्पितच आहे. फक्त मी कल्पिलेला नाही."

तिच्या या उत्तरातील तथ्य याच जिल्ह्यात तपासून पाहता येते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय विकसित केली. तिच्यात निम्मे रक्त होल्स्टिन फ्रिजियनचे, पाव जर्सीचे आणि पाव गीरचे. युरोपीय गायीचे दूध आणि गीरचा काटकपणा एका देहात आणण्याचा हा विचार होता. कोणीतरी आधी मनाशी एक प्राणी कल्पिला, त्याचे अंश ठरवले आणि मग पिढ्यांमागून पिढ्या करून तो गोठ्यात आणून उभा केला. लिनीयसने १७५८ च्या आवृत्तीत बॉस टॉरस आणि बॉस इंडिकस या दोन वेगळ्या जाती नोंदल्या होत्या; आज पुष्कळ शास्त्रज्ञ त्यांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानतात. त्याच्या वहीप्रमाणे पाहिले तर आमच्या भागातील प्रत्येक गोठ्यात रोज सकाळी दोन जातींचा संकर दूध देतो आहे. त्याला 'त्रिवेणी' हे नाव देणाऱ्याला भाषेची जाण होती, यात शंका नाही. संकराला संगमाचे नाव मिळावे, मिसळण्याला तीर्थाचा मान मिळावा, असे मराठीत फार वेळा घडलेले नाही. लोकव्यवहारात मात्र तिन्ही नद्या आटून एकच नाव उरते : कोणतीही संकरित गाय असो, ती 'जर्सी'.

पण त्रिवेणी हे नाव गायीचे आहे. तिच्या पोटी कालवड होते तसा गोऱ्हाही होतो, आणि त्याची सोय या कल्पनेत कोणी केलेली नव्हती. बैलाच्या मानेवर जू टिकते ते वशिंडाच्या आधाराने. संकरित गोऱ्ह्याला ते नाममात्र असते, आणि नांगर उन्हात ओढायचा असतो. त्यात ट्रॅक्टर आल्यावर देशी बैलाचीही गरज घटली. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी केली होती. १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीखाली आले. कायद्याच्या हेतूची चर्चा येथे करायची नाही. पण ज्याचे दूध नाही, ज्याला ओढता येत नाही आणि ज्याला विकता येत नाही, असा एक प्राणी प्रत्येक गोठ्यात जन्माला येऊ लागला, ही वस्तुस्थिती आहे. त्याचे पुढे काय होते, हे दुधाचा धंदा करणाऱ्या घरात मोठ्याने बोलत नाहीत. अलीकडे बहुतांशी कालवडीच जन्माव्यात अशा निवडलेल्या रेतमात्रा मिळू लागल्या आहेत. म्हणजे या प्रश्नाचे उत्तर तो प्राणी जन्मालाच येऊ नये, या दिशेने शोधले जात आहे.

विज्ञानाकडे त्याच्यासाठी नाव नाही, हेही त्या मुलीने शोधून काढले होते. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या पहिल्याच कलमात कोणती नावे ग्राह्य धरली जाणार नाहीत याची यादी आहे. केवळ कल्पनेतील प्राण्यांना दिलेली नावे त्या यादीत आहेत, आणि संकरित प्राण्याला संकर म्हणून दिलेली नावेही आहेत. त्यामुळे खेचराला स्वतःचे लॅटिन द्विनाम नाही. दोन्ही निर्बंध रास्त आहेत. नावामागे जीवसमूह हवा, नाहीतर हॅम्बुर्गच्या हायड्राचेही नाव यादीत राहील. आणि प्रत्येक संकराला जाती मानले तर यादीला अंत उरणार नाही. तरीही जे नाही आणि जे मिश्र आहे ते एकाच कलमाने बाहेर ठेवले जाते, हा योग वाचणाऱ्याला थांबवतो. विज्ञान हे शिस्तीपोटी करते. पारावर बसलेली माणसे 'हायब्रीड' म्हणतात तेव्हा मात्र ती शिस्त नसते. समोर उभा असलेला मुलगा पुरता नाहीच, असे त्यांना म्हणायचे असते.

साहित्याच्या चर्चेतही आपण अशीच भाषा वापरतो, हे अध्यापक म्हणून नोंदवले पाहिजे. 'अस्सल', 'मातीतले', 'कलमी', 'उसने' ही आमची नित्याची विशेषणे आहेत. भालचंद्र नेमाडे यांनी देशीवादाची मांडणी केल्यानंतर देशी काय, यावर पुष्कळ लिहिले गेले आणि त्या वादाने मराठीला आत्मभान दिले, हे मान्यच आहे. पण सुप्याच्या गोठ्यातून वर्गात येणाऱ्या मुलीची भाषा देशी म्हणायची की संकरित? तिच्या एका पानात विश्वकोशाचा कर्मणी प्रयोग आहे, संहितेचे कलम आहे, 'गोकुल' हा स्वतःचा शब्द आहे आणि वशिंडाची माहिती आजोबांकडून आलेली आहे. यातले कोणते पाव आणि कोणते निम्मे, हे मोजून तिच्या लेखनाविषयी काही कळेल, असे आम्हाला वाटत नाही.

गुण देताना आमच्या दोघांत थोडा मतभेद झाला. एकाचे म्हणणे, अभ्यासाची अट कल्पिताची होती, ती पाळलेली नाही. दुसरीचे म्हणणे, शास्त्रीय गद्याची अट तिने सर्वांत काटेकोर पाळली आहे. 'उपयोग : आढळला नाही' या तीन शब्दांत तक्रार नाही, करुणा नाही, आणि वाचणाऱ्याला पळून जायला जागाही नाही. 'बिचारा' हा एक शब्द तिने वापरला असता तर नोंद सैल पडली असती. भाषेला आवर घातल्याने काय साधते हे शिकवायला आम्ही तो अभ्यास दिला होता. ते तिने आम्हाला आमच्याच अटींत करून दाखवले. तिला पूर्ण गुण दिले.

पुढच्या वर्षापासून आम्ही त्या नोंदीच्या नमुन्यात एक रकाना वाढवला : 'हाक'. शास्त्रीय नाव काहीही असो, या प्राण्याला कोण काय म्हणून हाक मारते, ते लिहायचे. मुले या रकान्यात फार चांगले लिहितात. त्या मुलीलाही आम्ही जुनी नोंद परत देऊन तो रकाना भरायला सांगितला. तिने गायींची नावे लिहून आणली : लक्ष्मी, चांदणी, गौरी, आणि एकीचे नुसतेच 'होस्टन'. गोऱ्ह्यासमोर लिहिले होते : आई हाक मारीत नाही. नाव ठेवले की सोडवत नाही, असे ती म्हणते.